उठवलंस, निजवलं नाहीस

दिग्या, मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम ज्यानं केला त्याची तुझ्याशी गाठ पडलेली नव्हती. तुला जाऊन सोळा दिवस झाले. तेरावं उरकलं, शोकसभा उरकली, आणि जो तो तुझ्याविषयी इतकं गोड बोलून राहिलाय की मला वाटायला लागलं, आपण दुसऱ्याच कुणाला ओळखत होतो की काय. मनमिळाऊ म्हणे. निगर्वी म्हणे. पेपरात तुझं वयसुद्धा दोन वर्षांनी कमी छापलंय. मेल्यावरही तुझा फायदाच.

बाकीचं पेपरवाल्यांनी लिहिलंय, ते मी लिहिणार नाही. मी भांडायला बसलोय. अकरा वर्षं आपण नांदेडात एका गल्लीत राहून एकमेकांशी बोललो नाही. अकरा वर्षांचं साठलंय माझ्याकडं, आणि तुला आता उलटून बोलता येत नाही. एवढी चांगली संधी तू जिवंतपणी एकदाही दिली नाहीस, तर आता गुमान ऐकून घे. भांडण एकाच गोष्टीचं आहे. कोंडामावशीचं गाणं अर्ध्यात कुणी तोडलं.

भूकंप झाला तेव्हा आपण कॉलेजात होतो. नांदेडात नुसती भांडी वाजली आणि थांबली. आमच्या अब्बांना वाटलं, मांजर शिरलं. दुपारी कळलं की तिकडं किल्लारीकडं गावंच्या गावं राहिली नाहीत. कॉलेजच्या पोरांचा ट्रक निघाला, त्यात आपण दोघं चढलो. तू घरातून वाजवायची पेटी उचलून आणलीस. लोक भाकरी, चादरी, औषधं चढवून राहिलेत आणि हा हिरो पेटी घेऊन उभा. मला लाज वाटली होती. तू म्हणालास, तुझ्या बापाचा बँड, माझी पेटी, आपल्याला दुसरं येतंय काय.

तिथं पहिले आठ दिवस पेटीला कुणी हात लावला नाही. आपण दगड उचलले, पत्रे ओढले. तिसऱ्या का चौथ्या दिवशी भर दुपारी मी पत्र्याच्या सावलीत डुलक्या खात होतो आणि तू मला दंडाला धरून असं काही ओढलंस की खांदा निखळायचा बाकी होता. धक्का बसला म्हणालास. नंतर कळलं, शेजारून दगडांचा ट्रक गेला होता. मी महिनाभर तुला चिडवलं. पण एक सांगतो, जे आजवर सांगितलं नाही. तू आधी मला ओढलंस, मग स्वतः पळालास. ते मी बघितलं होतं. असो. हे तुझ्या बाजूनं धरू नकोस, हिशोब वेगळा आहे.

कोंडामावशी आपल्याला पत्र्याच्या शेडात भेटली. लेक वाचली होती, सासरी होती म्हणून. मुलगा बाळू, नऊ वर्षांचा, गेला. दगडमातीची भिंत त्याच्या बाजूनं पडली. मावशी बोलायची कमी. सकाळी उजाडलं की शेडाच्या कडेला बसायची आणि हलक्या आवाजात म्हणायची:

उठ माझ्या राजा, कोंबडं आरवलं,
दारात वासरू हंबरून राहिलं.
उठ माझ्या राजा, ऊन आलं अंगणी,
न्याहारीची भाकर झाकली मी कोनी.

मग एक मोठा श्वास घ्यायची आणि चाल जरा खाली आणून पुढचं म्हणायची:

नीज माझ्या राजा, मातीची केली गादी,
आई येते मागून, तू नीज जरा आधी.

त्याच्या पुढं अजून पाचसहा कडवी होती, सगळी निजवायची. गाणं तिनंच जुळवलं होतं, दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. तू शेडामागं उभा राहून पेटीशिवाय बोटं हलवायचास. चाल चोरत होतास, आणखी काय.

तुला तो एसटीचा दिवस आठवत असेल. मावशीला औशाला लेकीकडं जायचं होतं, आपण तिला स्टॉपवर सोडायला गेलो होतो. गाडी यायला वेळ होता म्हणून तिनं गाणं धरलं. दोन कडवी झाली आणि गाडी आली. कंडक्टरनं घंटी मारली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तू तिचं गाठोडं घेऊन पायरीवर चढलास. मावशी जागची हलली नाही. डोळे मिटून शेवटपर्यंत म्हणत बसली. गाडी गेली. तू चिडलास, राहिलेलं गाडीत म्हणायचं होतं की म्हणालास. तेव्हा तिनं आपल्याला सांगितलं.

"लेकराला हाक मारून उठवलं आन् मधेच निघून गेलं, तर ते ताटकळत बसंल की रं. उठवलं तर निजवावं लागतंय."

दुसरी एसटी येईपर्यंत आपण तिघं तिथंच बसलो. तू तिचं गाठोडं मांडीवर धरून बसलास. मला वाटलं, तुला कळलं.

मग वर्षं गेली. गावं नवीन जागी बसली, मावशीला घर मिळालं. मी अब्बांच्या बँडच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून एक कॉम्प्युटर आणि एक माईक घेऊन बसलो, आणि दारावर स्टुडिओ अशी पाटी लावली. लग्नाची गाणी, उरसाची गाणी, निवडणुकीची गाणी, जे येईल ते. तू पेटी वाजवायला यायचास. मावशीचं नीट रेकॉर्डिंग करू, ही कल्पना तुझी. भूकंपाच्या आठवणीच्या दिवशी गावात वाजवू म्हणालास. तूच तिला जीपनं आणि मग एसटीनं नांदेडला आणलंस, वाटेत तिला उलट्या झाल्या तर पाठ चोळलीस. तेव्हा तू खरंच चांगला होतास, ह्याचाच जास्त राग येतो.

मावशीनं कानाला हेडफोन लावून घेतले नाहीत. आधी मला विचारलं, मशीनपुढं तू बसणार का. मी हो म्हणालो. मग म्हणाली, शब्द तू दे. मी दिला. अब्बा दारात उभे होते, त्यांच्यासमोर म्हणालो, मावशी, हे गाणं अर्धं कधीच वाजणार नाही. ती माईकपुढं बसली आणि एका दमात म्हणून मोकळी झाली. चार मिनिटं पन्नास सेकंद. दुसरा टेक घ्यायची तुझी हिंमत झाली नाही आणि माझीही.

आता तो दुसरा दिवस. लातूर तेव्हा नुसतं फुगून राहिलं होतं. राज्यभरातनं मायबाप पेट्या, गाद्या, बादल्या घेऊन उतरायचे, लेकराला क्लासला घालायचं म्हणून. ज्याच्याकडं दोन खोल्या जास्त होत्या त्यानं हॉस्टेल काढलं. एका मोठ्या क्लासच्या सरांना हॉस्टेलातल्या पोरांना पहाटे उठवायला गाणं पाहिजे होतं. भोंगा वाजवला तर पोरं दचकतात, मायेचं काहीतरी पाहिजे. हे तुला कुठनं कळलं ते तूच जाणे. तू तशाच एका दुपारी आलास, खुर्ची ओढलीस आणि म्हणालास, मावशीचं उघड.

मी म्हणालो, अख्खं देणार असशील तर.

तू म्हणालास, "अरे युसफ्या, नुसता नमुना ऐकवायचाय. सर पाच मिनिटं बसून ऐकणार हाय का? पसंत पडलं की पूर्ण देऊ."

तुकडा कसा काढायचा ते मीच तुला शिकवलं होतं. कॉम्प्युटरवर गाणं डावीकडून उजवीकडं पट्टीसारखं पसरलेलं असतं. तुकडा जिथनं पाहिजे तिथं एक खूण लावायची, जिथं संपवायचा तिथं दुसरी. मधला भाग निळा होतो. मग एक्सपोर्टचं बटण दाबलं की तेवढाच तुकडा वेगळा निघतो. मशीनला काय पडलंय, दोन खुणांच्या आत जेवढं आहे तेवढंच त्याला गाणं वाटतं. बाहेरचं पुसत नाही ते, तसंच राहू देतं, पण बाहेर कुणाला ऐकू जात नाही.

पहिली खूण तू 'उठ'च्या जरा आधी लावलीस. दुसरी लावलीस दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, जिथं मावशी श्वास घेते. तिचा श्वाससुद्धा अर्ध्यात कापलास. अडतीस सेकंद. उठ, उठ, आणि एक तुटका श्वास.

खुणा तू लावल्यास, हे तू कधी नाकारलं नाहीस. बटण कुणी दाबलं, ह्यावर आपलं अडलं. मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो की बटणही तूच दाबलंस.

नमुना पसंत पडला. पूर्ण गाणं कुणी मागितलं नाही. तुला त्याच हॉस्टेलात रेक्टरची जागा मिळाली, सोमवार ते शनिवार लातूर, शनिवारी संध्याकाळी नांदेड. मला तू सांगितलंस, सरांनी दुसरंच कुठलं तरी लावलंय. मी विश्वास ठेवला. तू माझा लहानपणापासूनचा मित्र, खोटं कशाला बोलशील.

दोन वर्षांनी कोंडामावशी माझ्या खोलीत येऊन उभी राहिली. एकटी आली होती, किल्लारीहून. पाणी दिलं तर पिईना. नातीला लातूरला क्लासला घातलं होतं, तिला सोडायला गेली होती. त्याच क्लासच्या मुलींच्या हॉस्टेलात पाहुण्यांच्या खोलीत मुक्काम पडला. पहाटे पाचला लाऊडस्पीकर लागला आणि तिचाच आवाज. सगळ्या मुली ताडकन उठून खाटेपाशी उभ्या. तिथला नियम होता म्हणे, गाणं संपायच्या आत जी उभी नसेल तिनं त्या दिवशी व्हरांडा पुसायचा. मावशी थांबली. तिला वाटलं, आता पुढचं येईल. नाही आलं. मग ती अंगणात गेली आणि त्या लाऊडस्पीकरखाली उभी राहून पुढचं स्वतःच म्हणायला लागली. तिथल्या बाईंनी येऊन सांगितलं, आजी, आवाज नको, मुलींचा अभ्यास सुरू झालाय.

हे सगळं तिनं मला सांगितलं, रडली नाही, नुसती सांगत गेली. आणि मग म्हणाली, "रोज उठवून राहिलेत रं त्याला. कवापासून उठून बसलंय माझं लेकरू."

दिग्या, हे वाक्य तू ऐकलं नाहीस. मी ऐकलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण त्या दिवशी मला दुसऱ्याचं जळलेलं पण कळलं.

तिनं विचारलं, कुणी तोडलं. मी म्हणालो, दिगंबरनं. तेवढंच एक नाव घेतलं. ती उठली आणि बस स्टँडकडं चालायला लागली. मी सोडायला येतो म्हणालो, तर नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी लातूरला तुझ्या ऑफिसात. तुझ्या डोक्यामागं भलं मोठं वेळापत्रक, पहाटे पाच ते रात्री अकरा, मध्ये जेवायला अर्धा अर्धा तास. तू मला चहा मागवलास आणि मी तो ढकलला, तुझ्या हजेरीवहीवर सांडला. तू चिडायच्या ऐवजी रुमालानं पुसत बसलास. तुझं म्हणणं काय तर, तिचा आवाज रोज पाचशे लेकरं ऐकतात, शेडात दहा जण तरी ऐकत होते का? पोरं घराची आठवण काढून रडायची बंद झाली म्हणे. मी म्हणालो, मग रात्री पुढचं लाव. निजायच्या वेळेला दुसरा भाग लाव, म्हणजे शब्द तरी राहील. तू हसलास. खरं हसू नव्हतं ते, पण मी ते पण धरून ठेवलं.

"इथं झोपायचं गाणं कोण लावू देईल, युसफ्या? इथं झोप म्हणजे गुन्हा हाय."

मग मी तुला नको ते बोललो. तुझ्या आईचा उद्धार केला, जिनं मला लहानपणी स्वतःच्या ताटातलं भरवलं होतं. तू ऐकून घेतलंस. शेवटी एकच बोललास, शांतपणे, पुसत पुसत. खुणा मी लावल्या, बटण तू दाबलं.

चोराच्या उलट्या बोंबा, म्हणालो मी, आणि निघून आलो. तिथनं पुढं आपण बोललो नाही.

अकरा ईद झाल्या. प्रत्येक ईदला तू आमच्या दारात येऊन उभा राहायचास. राबिया तुला शीरखुर्मा द्यायची, तू उभ्यानं खायचास, वाटी धुऊन द्यायचास आणि जायचास. मी आतल्या खोलीत माईकची वायर गुंडाळत बसायचो. राबिया म्हणायची, दोन म्हातारे आहात का दोन पोरं? माझी बायको, पण शीरखुर्म्यात तुझ्या वाटीला काजू जास्त घालायची. तिचाही मला राग यायचा.

आणि एक गोष्ट. त्या भांडणानंतर दर येळवसेला, म्हणजे शेतातल्या त्या अमावस्येच्या सणाला, किल्लारीहून येणाऱ्या कुणाच्या ना कुणाच्या हाती मावशी माझ्यासाठी बाजरीचे उंडे, पिठाचे उकडलेले गोळे, पाठवायची. फडक्यात बांधलेले, दुसऱ्या दिवशीचे, जरा वाळलेले. मी खायचो आणि मला बरं वाटायचं. म्हणायचो, बघा, मावशीला माझं इमान कळलं, दिग्याचं पण कळलं. ती गेली त्याला चार वर्षं झाली. तिच्या मातीला मी गेलो होतो. तूही होतास, लांब लिंबाखाली. मी तुझ्याकडं पाठ करून उभा राहिलो.

तर आता शोकसभेचं. तुझ्या घरून सुनंदावहिनींचा फोन आला. म्हणाल्या, युसूफभाई, क्लासवाल्यांनी लातूरला सभा ठेवलीय, ह्यांचं ते मावशीचं गाणं तेवढं घेऊन या. त्यांचा आवाज बसला होता. मी हो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल.

जुना कॉम्प्युटर काढला. मावशीचं गाणं उघडलं. तुझ्या दोन्ही खुणा तशाच, जिथं लावल्या होत्यास तिथंच. मी त्यांना हात लावला नाही. म्हणालो, दिग्या, लई जणांना उठवलंस ना, आता तुझी पाळी. ह्या गाण्यानं तुला उठवतो आणि पुढचं देत नाही. तूही बस ताटकळत, बाळूसारखा. अडतीस सेकंद पेन ड्राइव्हवर घेतले. माणूस मेल्यावर त्याच्यावर सूड कसा उगवायचा हे कुणाला येत नसेल, मला आलं होतं.

क्लासच्या त्या हॉलमध्ये तुझा टाय घातलेला फोटो. तू टाय कधी घातलास? सहाशे पोरं गणवेशात मांडी घालून बसलेली. सरांनी भाषण केलं, रेक्टर सर म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव वगैरे. मग म्हणाले, आता सरांना प्रिय असलेलं गीत. मी पेन ड्राइव्ह लावला आणि बाजूला उभा राहिलो. तुझ्या फोटोकडं बघत.

मावशी म्हणाली, उठ माझ्या राजा. आणि सहाशे पोरं उभी राहिली.

सवय, दुसरं काय. रोज पहाटेची सवय. पहिल्या शब्दाला पायात स्प्रिंग. मागच्या ओळीतले मास्तर बावरले, त्यांना वाटलं दोन मिनिटं शांतता पाळायचीय, तेही मान खाली घालून उभे. गाणं तुटक्या श्वासावर संपलं. हॉस्टेलात त्यानंतर शिट्टी वाजते म्हणे, मग पोरं आंघोळीला पळतात. इथं शिट्टी कोण वाजवणार? शिट्टी वाजवणारा फोटोत. पोरं तशीच उभी, एकमेकांकडं बघून राहिलेली. सर माईककडं निघाले आणि मध्येच थांबले.

पहिल्या रांगेत वहिनी मागं वळल्या. "युसूफभाई, नीज कुठंय? ह्यांचं ते नीज लावा ना."

मी म्हणालो, "नीज न्हाई, वहिनी. ते त्यानंच तोडलं." माईक जवळ होता, सगळ्या हॉलला गेलं. मला तेच पाहिजे होतं. मी तुझ्या फोटोकडं बघितलं, म्हणालो, घे.

तेव्हा तुझी लेक गौरी उठली. लातूरला ती पहिल्यांदाच आली होती, तिचं सगळं शिक्षण नांदेडात. तोडल्याचं तिला काय ठाऊक, तिला वाटलं असेल, मी विसरून आलोय. तिनं मागचापुढचा काही विचार न करता, माईक न घेता, म्हणायला सुरुवात केली. नीज माझ्या राजा, मायेची केली गादी. तुझ्यासारखाच बेसूर गळा आहे तिचा. तिसऱ्या कडव्यात अडकली, पुन्हा मागं जाऊन म्हणाली. तू शनिवारी घरी आलास की तिला हे म्हणून निजवायचास, दहावीपर्यंत. हे मला माहीत नव्हतं. एका गल्लीत राहून मला माहीत नव्हतं.

सांगू का, ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तुला सगळं येत होतं. एकेक कडवं. उठवायचं बाजारात दिलंस आणि निजवायचं घरी नेलंस. आणि तिथंही कात्री चालवलीच, मातीची होती ती मायेची केलीस. स्वतःच्या लेकीला मातीवर कोण निजवेल. पण मावशीनं निजवलं होतं ना?

पोरं मात्र ऐकत होती. रोज पहाटे जे तुटतं त्याच्या पुढचं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. शेवटच्या कडव्याला मागच्या रांगेतला एकजण खाली बसला, मग दुसरा, मग हळूहळू सगळी. कुणी सांगितलं नव्हतं. बटणं दाबून मी तुझा सूड घ्यायला गेलो होतो आणि गाणं पूर्ण झालं.

सभा संपल्यावर वहिनी हॉस्टेलातली तुझी खोली रिकामी करायला गेल्या, मी सोबत गेलो. एक खाट, एक शाल, दाढीचं सामान, पेटी. वहिनी शाल घडी करत म्हणाल्या, तुम्ही हॉलमध्ये म्हणालात ते खरंय, ह्यांनीच तोडलं. मला सांगितलं होतं त्यांनी. किल्लारीला जाऊन मावशीला पण सांगून आले होते, तुमचं भांडण झालं त्याच आठवड्यात.

मी विचारलं, काय सांगितलं.

"हेच, की मी एकट्यानं केलं. युसूफ त्या दिवशी अब्बांना घेऊन दवाखान्यात होता, त्याला ठाऊक पण न्हवतं. त्याला बोल लावू नका म्हणाले."

मावशी काय म्हणाली, विचारलं. तुला भाकरी वाढली म्हणे, तू खाल्लीस, तोवर ती भिंतीकडं बघत बसली.

दिग्या, मी त्या दिवशी दवाखान्यात नव्हतो. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मी खुर्चीत होतो. तुझ्या शेजारी.

म्हणजे तोंडावर मला म्हणालास बटण तू दाबलं, आणि माझ्या पाठीमागं जाऊन माझं नाव पुसून आलास. लोक उलटं करतात रे. तोंडावर गोड आणि मागं खोडसाळ. तुला साधा विश्वासघातसुद्धा सरळ करता आला नाही. आणि मी? मी सात वर्षं ते उंडे खाल्ले. मावशीनं माझं इमान ओळखलं म्हणून खाल्ले. ते तुझ्या खोट्यावर शिजलेले होते. आता ते घशाखालून वर येतात, आणि ओकून मोकळं व्हायला समोर मावशी राहिली नाही, तू राहिला नाहीस. मेल्यावरही मला पुरून उरलास.

पण मीही अब्बांचा मुलगा आहे. तुझा हा उपकार मी ठेवून घेत नाही. तू माझ्यावर पांघरूण घातलंस, ते मी चारचौघांत काढून फेकतो, म्हणून हे लिहितोय. हाच माझा सूड. उद्या तुझ्या चांगुलपणाचे गोडवे गाताना कुणी म्हणालं की त्यानं मित्राला वाचवलं, तर वाचवायला मित्र शिल्लक राहणार नाही.

आज सकाळी गाणं पुन्हा उघडलं. तुझी दुसरी खूण धरली आणि ओढत ओढत शेवटपर्यंत नेली. चार मिनिटं पन्नास सेकंद, सगळं निळं झालं. एक मावशीच्या नातीला पाठवलं. एक त्या सरांना पाठवलं, चिठ्ठी लिहून, की लावायचं तर हे लावा, नाहीतर भोंगा वाजवा. ते लावणार नाहीत, मला माहीत आहे. तरी पाठवलं.

तुला माफ केलेलं नाही. ईदला तुझी वाटी राबिया काढेल, मी बोलणार नाही. पण ते एक राहिलंय, जे मावशीनं विचारल्यावर मी सांगायला पाहिजे होतं. त्या दुपारी तू खुणा लावल्यास आणि हात मागं घेतलास. म्हणालास, राहू दे का रे, तिला शब्द दिलाय. मला लग्नाच्या गाण्याचं गिऱ्हाईक यायचं होतं, मी घाईत होतो. मी म्हणालो, नमुनाच आहे की, आणि माऊस तुझ्याकडनं ओढून घेतला.

बटण मी दाबलं, दिग्या. आता नीज.